ताटाची डावी बाजू

हॉस्पिटलमधून घरी सोडताना त्यांनी मला एक रंगीत पुस्तिका दिली. मुखपृष्ठावर एक वयस्कर चिनी गृहस्थ काठी टेकून बागेत हसत उभे होते आणि वर लिहिलं होतं की मेंदूला इजा झाल्यावरही सकारात्मक जगता येतं. मी बायकोला विचारलं, "हा कशाला हसतोय?" ती म्हणाली, "मॉडेल असेल." आम्ही दोघं एकदम हसलो. त्यानंतर असं एकत्र हसायला आम्हाला बरेच महिने लागले.

मी मरीन इंजिनिअर. अठरा वर्षं जहाजांवर काढली आणि मग सिंगापूरच्या एका कंपनीत सुपरिंटेंडंट म्हणून किनाऱ्याला लागलो. ऑफिस तांजोंग पगारला, पण खरं काम पाण्यावरच. कंपनीचं जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं की लाँचने तिथे जायचं, इंजिन रूममध्ये उतरायचं, काय बिघडलंय आणि काय बिघडणार आहे ते शोधायचं आणि चीफ इंजिनिअरचं डोकं खायचं. यातलं शेवटचं काम मला विशेष जमायचं.

शिडी उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडून सांगितलं. त्या दिवशी माझ्या एका हातात टॉर्च होता आणि दुसऱ्या हातात फाइल. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तेलकट पायरीवरून बूट सटकला आणि डोक्याची मागची बाजू लोखंडावर आपटली. मला आठवतं ते एवढंच. पुढचे बारा-तेरा दिवस बायकोला आठवतात, मला नाही. त्या दिवसांबद्दल ती बोलत नाही आणि मी विचारत नाही.

डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. मार लागला होता तो मेंदूच्या ज्या भागामुळे दिसतं त्या भागाला. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं जग दिसेनासं झालं. लोकांना वाटतं, तिथे मला काळोख दिसत असेल. काळोख दिसला असता तर बरं झालं असतं, निदान काहीतरी हरवलंय हे कळलं तरी असतं. तुम्हाला तुमच्या पाठीमागचं काय दिसतं? काळं दिसतं का? नाही, काहीच दिसत नाही, आणि त्याचं तुम्हाला काही वाटतही नाही. माझी डावी बाजू तशी आहे. ती नाही, आणि ती नाही हेही माझ्या लक्षात राहत नाही.

हे आमच्या घरात कळलं ते जेवणाच्या ताटावरून. हॉस्पिटलात चमच्याने भरवत होते किंवा वाडगं हातात देत होते, त्यामुळे तिथे काही लक्षात आलं नाही. घरी आलो तेव्हा बायकोने पहिल्या दिवसापासून पद्धतशीर पान वाढलं. उजवीकडे भाजी, आमटीची वाटी, डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. ती साताऱ्याची. क्लेमेंटीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, फोल्डिंगच्या टेबलावरसुद्धा तिचं पान कधी चुकत नाही. मी जेवलो आणि म्हणालो, "आजाऱ्याचं जेवण का दिलंस? चटणी नाही, कोशिंबीर नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी ताट ढकललं आणि म्हणालो, "मी पडलोय म्हणून मीठसुद्धा तोडायचं ठरवलंय का सगळ्यांनी?" आमची चौदा वर्षांची मुलगी समोर बसली होती. ती इंग्रजीत म्हणाली, "इट्स देअर, बाबा. राइट देअर." मी तिच्यावरही ओरडलो.

ओरडणं हा मेंदूच्या माराचा भाग असतो असं पुस्तिकेत लिहिलं होतं. खरं असेल. पण मी आधीपासूनच तापट होतो, त्यामुळे त्यातलं किती लोखंडाचं आणि किती माझं, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी झाली. एका पांढऱ्या गोल भांड्यात हनुवटी ठेवायची, समोर बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की हातातलं बटन दाबायचं. मला वाटलं, मशीन मंद आहे. मग तंत्रज्ञ बाईंनी कागद दाखवला. दोन गोल आणि दोन्ही डावीकडून अर्धे काळेठिक्कर. बायको माझ्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो, म्हणजे चटणी." एवढंच म्हणाली आणि अंगावर पदर असता तर तोंडाला लावला असता अशी बाजूला वळली.

त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, "उद्यापासून डावीकडचं उजवीकडे वाढत जा. प्रश्न मिटला." इंजिनिअरचा मेंदू, एक वाट बंद तर दुसरीकडून पाइप काढायचा. ती भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "नाही वाढणार."

"का?"

"तसं उलटं पान आमच्याकडे श्राद्धाला वाढतात. तुम्ही जिवंत आहात."

मी खूप वाद घातला. चटणीच्या जागेवरून माणूस मरत नाही, म्हणालो. अडाणीपणा आहे, म्हणालो. तिच्या माहेराचाही उद्धार केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे चटणी. फक्त एक बदल केला. थेरपी द्यायला येणारी तरुण चिनी मुलगी मला अंकल म्हणायची. तिने सांगितल्याप्रमाणे बायकोने टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. नियम असा, की मान वळवत वळवत ती लाल पट्टी दिसेपर्यंत बघायचं. पट्टी दिसली नाही तर समजायचं, अजून काहीतरी राहिलंय. "लुक फॉर रेड, अंकल. नो रेड, नो फिनिश." इंजिन रूममधल्या पंचेचाळीस कामगारांना, मोटरमनांना, कामाला लावणारा माणूस मी, आणि रोज सकाळी लाल पट्टी शोधत पोहे खायचो.

सहा महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा झाली. कागद तसाच काळा. डॉक्टर सभ्य माणूस होते. म्हणाले, जे यायचं ते एवढ्या काळात येतं. आता जे आहे त्यात छान जगता येतं. त्या दिवशी बायको बरोबर नव्हती. मी ट्रेनमध्ये बसलो, तो कागद फायलीतून काढला, चार घड्या घालून बॅगेच्या आतल्या कप्प्यात सारला आणि घरी जाऊन सांगितलं, "सुधारतंय. हळूहळू येईल म्हणाले."

मी खोटं बोललो कारण मला जहाजावर परत जायचं होतं. त्याला दुसरंही एक कारण होतं, जे मी स्वतःला मोठेपणाने सांगायचो. सिंगापूरला राहायचा माझा पास नोकरीवर, बायको-मुलीचा पास माझ्या पासवर. नोकरी गेली की महिनाभरात गाशा गुंडाळायचा, मुलीची शाळा अर्धी सोडायची. हे सगळं खरंच होतं. पण शपथेवर विचारलं असतं तर मी शाळेचं नाव आधी घेतलं नसतं. इंजिन रूममध्ये उतरणारा माणूस म्हणून मी स्वतःला ओळखत होतो. तो गेला तर उरतो कोण, हे मला बघायचं नव्हतं. ऑफिसने तोवर मला अर्धा दिवस टेबलावर बसवलं होतं आणि म्हणाले होते, मेडिकल पास झालास की जहाजं परत तुझी.

मेडिकलला भिंतीवरची अक्षरं वाचायची होती. ती अक्षरं मी मान हलवत सगळी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. रंगांचे ठिपके ओळखले. डॉक्टर घाईत होते. त्यांनी विचारलं, बघण्यात काही अडचण? मी म्हणालो, नाही. फॉर्मवर सही करताना मला माझीच सही अर्धी दिसत होती.

मग मी तयारीला लागलो. लाल पट्टी शोधायची सवय आता उपयोगी पडणार होती. माणसांना कायम उजव्या हाताला ठेवायचं. डावा हात रेलिंगवर. दारातून जाताना आधी डावा खांदा टेकवायचा. कोणी हाक मारली तर नुसती मान नाही, अख्खं अंग वळवायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, साहेब रुबाबात वळले. वन-नॉर्थच्या मेट्रो स्टेशनवर मी दोन शनिवार नुसता सरकत्या जिन्यांवरून खालीवर करत बसलो. कधी कधी वाटायचं, जमतंय. पुस्तिकेतल्या त्या हसऱ्या गृहस्थांसारखा मीही फोटो काढून घ्यावा.

अपघाताला अकरा महिने झाले होते तेव्हा मला पहिलं जहाज मिळालं. दैव असं, की त्याचा चीफ इंजिनिअर माझा ट्रेनिंगचा सोबती निघाला. रत्नागिरीचा. आम्ही दोघांनी एकाच खोलीत वर्ष काढलं होतं. आता तो चारचौघांत मला साहेब म्हणतो आणि दार लागलं की अरे-तुरे.

लाँचमधून जहाजाच्या गँगवेच्या शिडीवर पाऊल टाकलं आणि डाव्या हाताने रेलिंग धरून चढलो. इंजिन रूमची गरम हवा तोंडावर आली आणि डिझेलचा वास छातीत भरला तेव्हा मला अक्षरशः रडू आलं. तिथे डोळ्यांवाचून बरंच चालतं. जुनी माणसं पंपावर हाताची पाठ ठेवून सांगतात, तब्येत कशी आहे. मी लांब स्क्रूड्रायव्हर मागितला, त्याचं टोक एका पंपाच्या बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि दोन मिनिटांनी म्हणालो, "हे आठवडाभर टिकणार नाही." चीफने उघडायला लावलं. गोळ्या धरून ठेवणारा आतला पिंजरा तडकलेला होता. सेकंड इंजिनिअरने मला सलाम ठोकायचा बाकी ठेवला. त्या क्षणी मला वाटलं, गेलेलं सगळं परत आलं.

त्या आनंदात मी वळलो आणि डावीकडे टाकलेलं पाऊल कोणाच्या तरी हातावर पडलं. एक मोटरमन गुडघे टेकून फरशीच्या प्लेटा बसवत होता. त्याने कळवळून हात ओढून घेतला. आणि मी, डाव्या बाजूला काहीही न दिसणारा मी, त्याच्यावर ओरडलो, "डोळे फुटले का तुझे?"

तो पन्नाशीचा माणूस उठून उभा राहिला आणि "सॉरी साहेब" म्हणाला. चीफ माझ्याकडे बघत होता.

दुपारी मेसमध्ये जेवण. कुक मालवणचा, आणि सुपरिंटेंडंट मराठी म्हटल्यावर त्याने मन लावून वाढलं होतं. मला माझ्या यशाची धुंदी अजून चढलेली होती. पोळी, बटाट्याची भाजी, आमटी-भात मी हां-हां म्हणता संपवलं. मान वळवायची विसरलो. इथे लाल पट्टी नव्हती. मी हात पुसत मोठ्याने म्हणालो, "काय रे, दारापासून सुरमईचा वास येतोय आणि ताटात मासा नाही? सुपरला मासा वाढायचा नाही अशी चीफची ऑर्डर आहे का?"

कोणी हसलं नाही. कुक दारात उभा होता, तो चीफकडे बघायला लागला. चीफने हात पुढे केला आणि माझं ताट टेबलावर अर्धं फिरवलं. तळलेल्या सुरमईचे दोन तुकडे, लिंबू आणि कांदा फिरत फिरत माझ्यासमोर आले. तुकडे गार झाले होते.

त्याने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लावलं.

"कधीपासून?"

"पडलो तेव्हापासून."

"ऑफिसला माहीत आहे?"

मी सुरमईचा गार तुकडा उचलून परत ठेवला.

"घरी?"

"घरी वाटतं, सुधारतंय."

त्याने खुर्ची मागे सरकवली. मी म्हणालो, "बेअरिंग कोणी शोधलं? तुझ्या डोळसांनी का नाही शोधलं एवढ्या दिवसांत?" म्हणालो, "अरे, मी शिकलोय, मान वळवायची सवय लागलीये, आज चुकलं." म्हणालो, "माझी मुलगी शाळेत आहे." हे शेवटचं म्हणताना मलाच माझी लाज वाटली.

तो म्हणाला, "मघाशी ज्याच्या हातावर पाय दिलास, तो नऊ दिवसांनी घरी जाणार आहे. त्याला दोन्ही हात घेऊन जायचंय. आज बूट होता. उद्या तू स्टीमचा व्हॉल्व्ह उघडशील आणि तो डावीकडे असेल." मग त्याने पाण्याचा ग्लास माझ्या उजवीकडे सरकवला. "सोमवारी सकाळपर्यंत तू लिही. नाही लिहिलंस तर मी लिहिणार. मी लिहिलं तर तू चोर ठरशील."

मी त्याला नाही नाही ते बोललो. मित्र म्हणवतोस, म्हणालो. त्याने ऐकून घेतलं. लाँचपर्यंत सोडायला आला तेव्हा माझ्या डाव्या बाजूने चालत होता, दंडाला धरून. तो तिथे आहे हे मला फक्त त्याच्या हातावरून कळत होतं.

पुढे नोकरीचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. जहाजं गेली, कायमची. पास राहिला. मी आता तांजोंग पगारच्या ऑफिसात, आधीपेक्षा खालच्या हुद्द्यावर, इतरांनी लिहिलेले रिपोर्ट तपासतो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान माणसं जहाजावरून येतात आणि काय ऐकलं ते मला सांगतात. सवय होते असं लोक म्हणतात. मला अजून झालेली नाही. काही सोमवारी लाँचची वेळ होते तेव्हा मी टॉयलेटमध्ये जाऊन उभा राहतो.

त्याच शनिवारी जहाजावरून घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. घडी घातलेला कागद तिच्या हातात दिला. ती तो उलगडून बघत राहिली आणि म्हणाली, "मी सातारला सगळ्यांना कळवलं होतं, सुधारतंय म्हणून." मग आत गेली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी सकाळी मी मेल लिहायला बसलो. मोठा मेल मला अजून नीट तपासता येत नाही, ओळ कुठे सुरू होते ते सापडत नाही आणि डावीकडचे शब्द निसटतात. म्हणून मुलीला बोलावलं आणि म्हणालो, मोठ्याने वाच, काही चुकलंय का बघ. ती खुर्ची ओढून बसली आणि शाळेत धडा वाचावा तशी सपाट आवाजात वाचायला लागली: "मला डाव्या बाजूचं काहीही दिसत नाही. अपघाताच्या दिवसापासून दिसत नाही. ते परत येणार नाही, हे मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी ते मेडिकलच्या वेळी लपवलं."

ती थांबली.

"यू सेड इट्स कमिंग बॅक."

"खोटं सांगितलं."

"आईला पण?"

"आईला पण. काल खरं सांगितलं."

ती स्क्रीनकडे बघत होती. मला वाटलं, आता शाळेचं विचारेल, इंडियाला जायचं का विचारेल. त्याची उत्तरं मी तयार ठेवली होती.

"मग कॉन्सर्टच्या दिवशी पण दिसत नव्हतं?" तिने विचारलं.

तीन महिन्यांपूर्वी, मी घरी सुधारतंय म्हणून सांगितल्यानंतर, तिच्या शाळेत गाण्याचा कार्यक्रम झाला होता. बायको तापाने झोपून होती म्हणून मी एकटा बसने गेलो होतो. केवढा पराक्रम केला असं मला तेव्हा वाटलं होतं. पुढच्या रांगेत बसलो. स्टेजवर तीस-चाळीस मुलं, मला मुलगी काही सापडेना. वाटलं, कोणा उंच पोराच्या मागे असेल. कोणाला विचारायचीही सोय नव्हती. नंतर तिला म्हणालो होतो, "छान गायलीस."

"तू कुठे होतीस?" मी विचारलं.

"तुझ्या लेफ्टला. एकदम एंडला, फ्रंट रो. तुला हात पण केला. तू फुल टाइम दुसरीकडे बघत होतास."

"मला वाटलं, मागे असशील."

"मला वाटलं, आईने तुला सांगितलं."

"काय सांगितलं?"

ती खाली बघायला लागली. "मी आईला म्हटलेलं, बाबाला नको पाठवू. तू सगळ्यांसमोर ओरडतोस, म्हणून. देन यू केम, आणि माझ्याकडे बघितलंच नाहीस. आय थॉट, यू नो ऑलरेडी. पनिश करतोयस."

बायकोने मला काहीच सांगितलं नव्हतं. तीन महिने ही पोर रोज माझा चहाचा कप आठवणीने उजव्या हाताशी ठेवायची, मी ओरडलो तर उलटून बोलायची नाही, मैत्रिणींकडे जायचं बंद करून संध्याकाळी घरी बसायची. मी बायकोला कौतुकाने म्हणायचो, अपघाताने एक तरी चांगलं झालं, मुलगी शहाणी झाली. ती शहाणी झाली नव्हती. मी न दिलेली शिक्षा ती निमूट भोगत होती, कारण मला अजूनही दिसत नाही हे मी तिला सांगितलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "मी तुलाच शोधत होतो. पूर्ण वेळ."

तिने नाक ओढलं, बाहीने तोंड पुसलं आणि राहिलेला मेल शेवटपर्यंत वाचला. त्यात एकही चूक नव्हती.

"सेंड करू?" तिने विचारलं.

"कर," मी म्हणालो. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, तिची माफी मागितली.